कोठडीत पाहिलेलं

आमच्या गल्लीत त्यांना सगळे ड्रायव्हरमामा म्हणत. उभी हयात त्यांनी शहराची बस चालवली. निवृत्तीनंतरही रस्ता ओलांडताना ते आरशात बघावं तसे आधी उजवीकडे मान वळवत आणि मगच पाऊल टाकत. बोलणं मोजकं, आवाज खालचा. कोणी फार घाई करायला लागलं की म्हणत, "दमानं घ्या, बस कुठे पळून जात नाही."

मामी गेल्यावर मात्र ते बोलेनासेच झाले. मुलगी जवळच राहायची. तिने एकदा वर्तमानपत्रातली सूचना त्यांच्यापुढे धरली. पोलीस कोठड्यांवर देखरेख ठेवायला नागरिकांची समिती नेमायची होती. पगार नव्हता.

"मी काय वकील आहे का?" मामा म्हणाले.

"वकील नकोयत त्यांना, बाबा. साधी माणसं हवीत."

"साधा तर मी आहे. त्याबद्दल अजून कोणाची तक्रार आली नाही."

अशा रीतीने मामा समितीत गेले. काम ऐकायला सोपं होतं. दोघांनी मिळून, आगाऊ न कळवता कुठल्याही ठाण्यावर जायचं. कोठडीतल्या माणसाला भेटायचं. जेवण, पाणी, औषध, पांघरूण मिळतंय का ते विचारायचं. त्याने काय केलं, का केलं, याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि जे पाहिलं ते लिहून समितीला द्यायचं. मामांच्या जोडीला होत्या बाई. त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता आणि अजूनही समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत चष्म्यावरून बघत राहायच्या.

सुरुवातीला ठाण्यांवर त्यांचं स्वागत कोरडंच व्हायचं. "आलात का चुका काढायला?" असं एका ठाणेदाराने तोंडावर विचारलं होतं. मामांना राग आला नाही. बाहेर आल्यावर ते बाईंना म्हणाले, "तिकीट तपासनीस गाडीत चढला की मीही अस्संच तोंड करायचो." हळूहळू लोकांना सवय झाली. एका कोठडीची फुटकी काच बदलली गेली, दुसरीकडे बायकांसाठी वेगळं न्हाणीघर झालं. फार मोठं काही नाही. पण मामा पुन्हा सकाळी दाढी करायला लागले, आणि मुलीला तेवढंच पुरेसं वाटलं.

समोरच्या इमारतीत एक हवालदार राहायचा. धिप्पाड गडी, हसरा, गल्लीत कोणाची मोटार अडली तर धक्का द्यायला पहिला. मामींच्या शेवटच्या आजारपणात त्यांना जिना उतरवत नव्हता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दवाखान्याची वेळ असली की हा हवालदार यायचा, मामींना खुर्चीत बसवायचा आणि खुर्चीसकट अलगद खाली न्यायचा. मामी त्याला म्हणायच्या, "अरे, पडेन ना मी." तो म्हणायचा, "मामी, तुम्ही पडलात तर मामा मला बसखाली घालतील." त्या दुखण्यातही मामी हसायच्या. मामा हे विसरले नव्हते. विसरणं शक्यच नव्हतं.

एका रविवारी दुपारी मामा आणि बाई बाजाराजवळच्या ठाण्यावर गेले. टेबलामागे हाच हवालदार बसला होता. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. मामांना बघून त्याचा चेहरा खुलला.

"या मामा. चहा मागवू का?"

"आधी आत जाऊन येतो," मामा म्हणाले.

शेवटच्या कोठडीत एक रंगारी होता. दारू पिऊन भांडण केलं म्हणून त्याला सकाळी आणलं होतं. तो भिंतीला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकून बसला होता. खांदे वरखाली होत होते. मामांनी नाव विचारलं तर त्याला सांगता आलं नाही. एकेक शब्द ओढून काढावा तसा तो म्हणाला, "पंप… माझा… पंप." त्याचे ओठ निळसर पडले होते.

"याचा दम्याचा पंप कुठे आहे?" मामांनी गजांतूनच विचारलं.

हवालदार उठून आला. "नाटकं करतोय हो. आल्यापासून चाललंय. खिशातलं सगळं जमा करावं लागतं, नियमच आहे. मघाशी शिव्या देत होता तेव्हा बरा दम होता त्याला."

"इकडे ये आणि त्याचं तोंड बघ."

हवालदार पुढे झाला, वाकला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग तो धावला. कपाटातली पिशवी फाडून त्याने पंप काढला आणि कोठडी उघडून स्वतःच्या हाताने रंगाऱ्याच्या तोंडाशी धरला. बाईंनी टेबलावरच्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत मामा फरशीवर बसून रंगाऱ्याची पाठ धरून राहिले. स्ट्रेचरवर घेताना रंगाऱ्याने मामांच्या सदऱ्याची बाही घट्ट पकडली होती. ती सोडवायला दोन माणसं लागली.

रंगारी वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

ठाण्याबाहेरच्या बाकावर बाई म्हणाल्या, "मामा, हे तुमच्या समोरचेच ना? हवं तर मी एकटी लिहिते."

मामा म्हणाले, "बघितलं दोघांनी. लिहायचंही दोघांनी. मी त्याला ओळखतो हे मात्र सगळ्यात वर लिहा."

संध्याकाळी हवालदार मामांच्या घरी आला. बसला नाही, दारातच उभा राहिला.

"मामा, एवढंच लिहा की डॉक्टरला बोलवायचं मी आधीच ठरवलं होतं. खोटं लिहा असं म्हणत नाही. ठरवलंच असतं मी."

"ठरवलं होतंस का?"

तो उंबऱ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "कालपासून एकटा आहे मी तिथे. जोडीदार आजारी, बदली माणूस दिला नाही. फोन, तक्रारी, कोठड्या, सगळं माझ्याच डोक्यावर. डोळे उघडत नव्हते हो. लेकरंबाळं आहेत मला."

"हे तू सांगितलंस ते लिहीन," मामा म्हणाले. "एकटा होतास, दोन पाळ्या सलग केल्यास, तेही लिहीन. पण त्याने पंप मागितला आणि तू दिला नाहीस, हे गाळता येणार नाही मला."

हवालदाराने मान हलवली. जाताना हळूच म्हणाला, "मामी असत्या तर त्यांनी सांभाळून घेतलं असतं मला."

मामांनी दार लावलं आणि कितीतरी वेळ कडीला हात लावून तसेच उभे राहिले.

अहवाल गेला आणि हवालदार निलंबित झाला. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्याने यांच्या बायकोला उचलून नेलं, त्याच्याच पोटावर यांनी पाय दिला, असं लोक बोलू लागले. हवालदाराची बायको, जिला मामा वहिनी म्हणत, समोर आली की रस्ता बदलायची. वाण्याच्या दुकानात मामा शिरले की गप्पा बंद व्हायच्या. मुलगीसुद्धा चिडली. "बाबा, एक ओळ गाळली असतीत तर काय बिघडलं असतं? माणूस तर वाचला ना?"

"तो वाचला, कारण आम्ही योगायोगाने गेलो," मामा म्हणाले. "पुढच्या वेळी कोण जाणार आहे?"

मुलगी काही दिवस जेवणाचा डबा स्वतः न आणता नातवाकरवी पाठवत राहिली.

चौकशीच्या वेळी मामांना साक्षीला बोलावलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, पंख्याची घरघर. हवालदाराच्या बाजूने बोलणाऱ्या वकिलाने विचारलं, "तुमचं वय झालंय, नजर कमी झाली असेल. त्या अंधाऱ्या कोठडीत ओठांचा रंग तुम्हाला कसा दिसला?"

मामा उत्तर देणार इतक्यात हवालदारच उभा राहिला. "राहू द्या साहेब," तो वकिलाला म्हणाला. "मामांनी लिहिलंय ते खरं आहे. त्याने पंप मागितला. तीनदा मागितला. मला वाटलं नाटक करतोय. मी जाऊन बघितलंसुद्धा नाही."

वकिलाने कागद खाली ठेवले. मामांनी मान खाली घातली. ते रडत होते हे शेजारी बसलेल्या बाईंनाच दिसलं.

हवालदाराची नोकरी राहिली, पण पगारवाढ रोखली गेली आणि त्याला दूरच्या ठाण्यावर पाठवलं. तो सलग दोन पाळ्या एकटाच होता, हेही मामांनी लिहिलं होतं; त्यावरून वरिष्ठांनाही जाब विचारला गेला. कोठडीत माणूस असेल तर ठाण्यावर एकटा शिपाई ठेवायचा नाही आणि दम्याचा पंप कोणाकडून काढून घ्यायचा नाही, असा हुकूम निघाला. तो सगळीकडे पाळला जातो असं नाही. मामा आणि बाई जिथे जात तिथे ते आधी तेच बघत.

वर्षभराने हवालदार कुटुंबाला आणि सामानाला न्यायला आला. ट्रक भरून झाल्यावर तो मामांकडे आला. या वेळी आत येऊन बसला. मामांनी चहा टाकला. दोघे मुलांच्या शाळेबद्दल, नव्या घराबद्दल बोलले. नव्या इमारतीला लिफ्ट आहे, हे त्याने सांगितलं आणि लगेच खाली बघितलं.

कप ठेवताना तो म्हणाला, "मी नुसतं उठून बघायला हवं होतं, मामा."

"हो," मामा म्हणाले.

हवालदाराने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि तो जिना उतरून गेला. खाली ट्रकजवळ उभ्या असलेल्या वहिनींनी वर खिडकीकडे बघितलं नाही.

पुढच्या मंगळवारी मामा बाईंबरोबर नदीपलीकडच्या ठाण्यावर गेले. तिथे कोठडीत एक तरुण मुलगी होती. तिला पांघरूण मिळालं नव्हतं. मामांनी ते मागून घेतलं आणि ती ते अंगावर घेईपर्यंत गजांपाशी उभे राहिले.