वेल्ड नसलेला शाफ्ट

त्यांना सगळे शाफ्टवाले म्हणत, आणि बायको सोडली तर त्यांचं खरं नाव कुणाला आठवत असेल अशी शंकाच आहे. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारी, गाडीच्या पोटाखाली गरागरा फिरणारी जी लांब नळी असते, ती बनवण्यात त्यांची हयात गेली. ट्रकची नळी, टँकरची नळी. दोन्ही टोकांना जोड वेल्ड करायचे, गार झाल्यावर वेल्डवर हातोडी मारून आवाज ऐकायचा, आणि तो कानाला पटला तरच माल बाहेर पाठवायचा. त्या आवाजावर त्यांचा जितका विश्वास, तितका सख्ख्या भावावरही नसावा.

बायको शाळेची बस चालवायची. आठवडाभर पोरांना फुलासारखं जपून न्यायची-आणायची आणि रविवारी वडिलांची जुनी, दोन दारांची गाडी काढून गावाबाहेरच्या बंद धावपट्टीवर शर्यतीला जायची. गाडीचं वय आजीबाईचं, पण बायकोने आणि तिच्या भावाने मिळून तिच्यात पाचशे घोड्यांचं इंजिन बसवलं होतं. आता एवढा जोर सोसेल असा शाफ्ट कुणी द्यायचा? घरचाच माणूस होता की!

पण घरच्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. भरवेगात तुटलेला शाफ्ट गुमान खाली पडत नाही, फिरत फिरत तळ फोडून वर येतो. एका ट्रकचा तसा फाटलेला तळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. आणि या गाडीत तर दोन सीटांमधल्या पत्र्याच्या बोगद्यातून, बायकोच्या मांडीला खेटून शाफ्ट जात होता. तुटलाच तर झेलायला खाली पोलादी कडं लावूनही त्यांना चैन पडेना. म्हणून त्यांनी निवड केली ती ट्रकला घालतात त्या जाड पोलादी नळीची.

"हत्तीने लाथ मारली तरी हिला काही होणार नाही," त्यांनी ऐटीत सांगितलं.

पहिल्याच रविवारी बायको कंबर धरून परतली. "अहो, वेग वाढला की एका ठिकाणी गाडीला कापरंच भरतं. दात वाजतात माझे."

"बॅलन्स गेला असेल."

बॅलन्स करून दिला, कापरं तसंच. मग त्यांनी तेवढ्याच रुंदीची, पण आणखी जाड भिंतीची नळी घातली. त्यांच्या सगळ्या अकलेत औषध तेवढं एकच होतं! तर कापरं उलट आधीच्यापेक्षा लवकर सुरू झालं.

शेवटी त्यांनी शाफ्ट यंत्रावर चढवला, वर जाळीचं भक्कम झाकण लावलं आणि कुठला ट्रक सात जन्मांत गाठणार नाही अशा वेगाने फिरवला. नळीचा मधला भाग पुसट झाला, मग फुगत गेला. पोरी दोरीवरच्या उड्या मारतात त्या दोरीसारखी ती पोलादी नळी कमान करून फिरत होती! त्यांनी घाईघाईने यंत्र बंद केलं. नळी पुन्हा सरळ, जशी काही त्या गावचीच नाही. वेल्ड अगदी शाबूत होते. त्या लांबीची नळी त्या वेगाला आपल्याच भाराने बाहेर फेकली जात होती, आणि बायकोच्या काळजीने त्यांनी वाढवलेली जाडी बायकोच्याच जिवावर उठली होती.

"दोन तुकड्यांचा करतो, मधे बेअरिंग देऊन," ते रात्री जेवताना म्हणाले.

"त्यासाठी तळ कापावा लागेल. बाबांच्या गाडीला करवत लावायची नाही."

ॲल्युमिनियमची नळी पुरेशी ताठ हवी तर इतकी रुंद घ्यावी लागे, की बोगद्यात मावेना. उरली ती त्याच रुंदीत ताठ राहणारी, कार्बनच्या धाग्यांची काळी नळी. ती मागवली. त्यांनी दोन्ही हात लावून उचलली आणि तोल जाता जाता राहिला, इतकी हलकी. मग टोकं पाहिली. धातूचे जोड चक्क डिंकाने चिकटवलेले!

"मी काय पाकिटं चिकटवतोय? तुझा जीव डिंकावर सोडू?"

"आणि तुमच्या वेल्डवर माझे दात खिळखिळे झालेत, ते?"

बनवणाऱ्यांनी पारखायला म्हणून तसाच एक आखूड तुकडाही पाठवला होता. शाफ्टवाल्यांनी त्याचं एक टोक जखडलं, दुसऱ्या टोकाला लांब दांडा लावून त्याखाली जॅक घातला आणि पीळ द्यायला सुरुवात केली. बायको आडोशाला उभी. इंजिन देईल तेवढा पीळ झाला. त्याच्या दुप्पट झाला. मग बारीक करकर, आणि धाडकन आवाज!

नळीची केरसुणी झाली होती. काही उडालं नाही, कुठे घुसलं नाही, नुसते काळे धागे पिंजून लोंबत होते. आणि डिंकाचा जोड? तो जिथल्या तिथे. हातमोजा घालून ते त्या जोडाभोवती बोट फिरवत राहिले. नळी हरली होती, डिंक हरला नव्हता. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. "माणसांनी केलंय हे," ते पुटपुटले.

नवा शाफ्ट बसवल्यावरच्या रविवारी ते पहिल्यांदाच तिच्या शेजारी बसले. धावपट्टी मोकळी होती. त्यांनी तळहात बोगद्यावर दाबून धरला आणि डोळे मिटले. इंजिन गरजलं, पाठ सीटला चिकटली. कापऱ्याचा वेग जवळ आला. तळहात वाट पाहत राहिला. वेग आला, गेला. हाताखाली काहीच नाही. निजलेल्या पोराची पाठ असावी तसा तो पत्रा शांत होता.

त्यांनी डोळे उघडले आणि बायकोकडे पाहिलं. तिची बोटं स्टिअरिंगवर अलगद टेकली होती, नजर पार पलीकडच्या टोकाला. बाहेर सगळं जग फाटल्यासारखं मागे पळत होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर घाईचा मागमूस नव्हता. एवढी वर्षं संसार केला त्या बाईचा हा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

टोकाला जाऊन तिने गाडी थांबवली. "काय हो, घाबरलात?"

"अगं, तू अशी चालवतेस?"

"अशी म्हणजे कशी?"

त्यांनी बोगद्यावरचा हात उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"परत एकदा दाखव," ते म्हणाले.