जादा तारा

आख्ख्या जव्हारात चंद्राचा राग करणारा एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपीचाचा. ईदचा चंद्र बघायला मोहल्ला त्यांच्याच दुर्बिणीपाशी जमतो. चाचा तो झटक्यात शोधून देतात, सगळ्यांची गळाभेट घेतात आणि कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "मुबारक हो! आता पंधरा दिवस धंदा बंद." धंदा म्हणजे शिवणकाम नव्हे हो! चंद्राच्या उजेडात बारीक तारे बुजतात, आणि चाचांना हवा असतो नेमका जगात कुणीच न पाहिलेला तारा. एखादा अंधूक तारा एकाएकी भडकतो, काल काळोख होता तिथे ठिणगी दिसते. ती सर्वांत आधी आपल्याला दिसावी, एवढ्या एका हट्टापायी हा माणूस तीस वर्षं आभाळाकडे डोळे लावून बसलाय.

छापील नकाशांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आभाळाचा एकेक तुकडा बघून ते शिवणाच्या खडूने हाताला लागेल त्या काळ्या कापडावर उतरवतात आणि पुढे दर वेळी तोच तुकडा त्या कापडाशी ताडून पाहतात. खडू उडतो म्हणून चार-पाच वर्षांनी सगळी कापडं नव्याने काढायची. एकदा एका वकिलाला भर कोर्टात कळलं की आपल्या कोटाच्या पाठीवर अख्खा वृश्चिक आहे. तो तणतणत दुकानात आला, तर चाचाच ओरडले, "साहेब, झटकू नका! आधी उतरवून घेतो."

मग मोतीबिंदू झाला. तो गुपचूप पिकत गेला आणि चाचा कबूल करीनात. सुईत दोरा जाईना, तर म्हणे, "हल्ली दोराच जाड येतो." शेवटी मी आणि चाचींनी धरूनच नाशिकला नेलं आणि ऑपरेशन करून आणलं.

दिवाळीनंतर आभाळ मोकळं झालं, तसे आम्ही माझ्या स्कूटरवरून वर डोंगरातल्या सूर्यमाळला गेलो. तिथल्या जानीबाय शेतकरणीच्या खळ्यावर आमची दुर्बीण लागते. चाचांनी हंस तारकासमूहातला एक तुकडा लावला, कापड बघितलं, पुन्हा नळीला डोळा लावला आणि माझं मनगट असं आवळलं की घड्याळ रुतलं. "मास्तर, एक ज्यादा है!"

मी पाहिलं. खरंच होता! कापडावर तिथे काहीच नव्हतं. अहो, मी नाचायचाच बाकी होतो. "गावला का, चाचा?" जानीबायने नाचणी पाखडता पाखडता विचारलं. "गावला, बाय, गावला!" चाचा म्हणाले.

सकाळी परदेशातल्या खगोलवाल्यांना कळवायला मी इंग्रजी पत्र लिहायला बसलो. पुरावा असावा म्हणून चाचांच्या ट्रंकेतून त्यांची कापडांच्याही आधीची, सर्वांत जुनी वही काढली आणि गारच पडलो. तीस वर्षांपूर्वी पेन्सिलीने काढलेल्या त्याच तुकड्यात, त्याच जागी, टिंब होतं. म्हणजे तारा जुनाच. कापड तेवढं मोतीबिंदूच्या डोळ्याने उतरवलेलं. वाटलं, वही गपचूप परत ठेवावी. पण पत्र गेलं असतं आणि चाचांचं जगभर हसं झालं असतं. वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

चाचांनी त्या टिंबावर बोट ठेवलं. "बिचारा रोज येत होता," एवढंच म्हणाले. मग मशीनखालची सगळी काळी कापडं अंगणात नेऊन त्यांनी एकेक करून झटकली.

आता ते सगळं आभाळ पहिल्यापासून उतरवताहेत. दीडशे तुकडे. रात्रीला एखादाच होतो, तोही चंद्र नसेल तर, आणि पावसाळ्यात काहीच नाही. चाचांना शहात्तरावं लागलंय. मी मनातल्या मनात गणित मांडलं. परवा मात्र राहवलं नाही. "चाचा, या भानगडीत खरा नवा येऊन गेला तर?"

त्यांनी खडूला टोक काढलं. "गेला तर गेला, मास्तर. इतकी वर्षं जुन्यांना ओळख दिली नाही मी. आधी त्यांना तर भेटू दे."