चिकटपट्टीखालची माळ

हेंद्रेपाड्याच्या बकुळाबाई उल्हासनगरात एका खाजगी प्रसूतिगृहात नर्स होत्या. गळ्यात तुळशीची माळ. ऑपरेशनच्या खोलीत गळ्यात काही लोंबता कामा नये, म्हणून रोज सकाळी त्या माळ ब्लाउजच्या आत सारून चिकटपट्टीनं छातीला डकवत. संध्याकाळी पट्टी ओढताना कातडी सोलून निघे. पण काढून ठेवायची सोय नव्हती. गळ्यात माळ नसेल तर पोटात अन्नाचा कण जाऊ द्यायचा नाही, असं वडिलांनी, कोंडाजींनी, माळ घालताना बजावलं होतं. आणि जीव घ्यायला हात लावायचा नाही, हेही.

पहिला नेम चिकटपट्टीवर निभावला. दुसरा डॉक्टर मॅडमच्या मर्जीवर. गर्भ पाडायचा असला की मॅडम आया पुतळीला आत घेत. बकुळाबाई बाळंतिणींकडे.

शहाऐंशी साली अशा बायका वाढल्या. पोटातलं पाणी तपासून मुलगी आहे म्हणून कळलेल्या. मॅडमनी एके दिवशी सांगून टाकलं, "सिस्टर, आता सगळ्यांनी सगळं करायचं. देव मेरा भी है. नसेल जमत तर दुसरीकडे बघ."

नवरा रघू कामाला होता ती अंबरनाथची कंपनी बंद पडलेली. दुसरीकडे म्हणजे कुठे?

त्याच दुपारी मांजर्लीची सरू आली. माहेरची शेजारीण. दोन मुलींवर पोटात तिसरी. बकुळाबाईंना बघून तिचं तोंड पांढरं पडलं.

"बकुळाताई, तू इथं? कुणाला सांगू नको गं."

"नाही सांगत. तुझ्या मनात आहे का हे?"

"माझ्या मनाला कोण विचारतंय? तू आत थांब माझ्याजवळ. मला लई भ्या वाटतंय."

बकुळाबाईंनी तिचा हात सोडवला आणि दाराबाहेर उभ्या राहिल्या. आत जाता जाता पुतळी पुटपुटली, "तुमचा देव तुमाला बाहेर उभा करतो बाई, मना आत ढकलतो. मना काय देव नाय?"

दार लागलं. आतून भांड्यांचा आवाज, मग सरूचं कण्हणं. मग काहीच नाही. ते काहीच नाही सगळ्यांत वाईट होतं. दुसरीकडे कुठे, हा प्रश्न डोक्यातून कधी गेला, त्यांना कळलंही नाही.

मॅडमची हाक आली तेव्हा आवाज चिरका होता. "सिस्टर! ब्लीडिंग थांबत नाही!"

आतलं काम संपलं होतं की नाही, हे विचारायला बकुळाबाई थांबल्या नाहीत. त्या वाकल्या, दोन्ही हातांनी सरूचं ओटीपोट दाबून धरलं. घामानं पट्टी सुटली, माळ बाहेर आली. अर्धवट शुद्धीतल्या सरूनं ती मुठीत धरली आणि हिसका दिला. मणी फरशीवर उडाले. काही टेबलाखालच्या बादलीत पडले.

संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं. सरू जगली. बकुळाबाई तोवर उपाशी, पाणीसुद्धा नाही. फरशीवरचे मणी त्यांनी पदरात वेचले. पुतळीनं बादली उचलली आणि विचारलं, "यातले काढू?"

"नको."

हात धुता धुता मॅडम म्हणाल्या, "गेलीस ना आत? अब क्या बाकी रहा?"

बकुळाबाईंनी पदरातल्या मण्यांना गाठ मारली. "रक्त थांबवायला गेले, मॅडम. पुन्हा बोलवा, पुन्हा येईन. त्याच्या आधी बोलवू नका."

मॅडमनी नळ बंद केला. "बघू," एवढंच म्हणाल्या.

ते "बघू" पुढे वर्षानुवर्षं तसंच राहिलं. नोकरी गेली नाही, शब्दही मिळाला नाही. पुतळी आत जात राहिली, बकुळाबाई दाराबाहेर.

माळ त्यांनी त्याच संध्याकाळी उरलेल्या मण्यांची ओवली, मगच घोटभर पाणी घेतलं. मणी कमी पडल्यानं ती आखूड झाली होती. छातीपर्यंत पोचेना, म्हणून पट्टी आता गळ्यावरच लावावी लागे. आणि ते दार लागून आत शांत झालं, की माळ आवळत चालल्यासारखी वाटे. त्या बोट घालून ती सैल करू पाहत, आणि हाकेची वाट बघत उभ्या राहत.