विजयमालाबाईंनी निवडलेला माणूस

राहुरीच्या बसस्थानकामागे विजयमाला भिंगारदिवे यांचं टायपिंगचं दुकान होतं. कृषी विद्यापीठात एम. एस्सी. करणाऱ्या आमच्यासारख्या मुलामुलींचे प्रबंध तिथंच टाइप व्हायचे. बाई मूळच्या खर्ड्याच्या. वडील शेतमजूर. मुलीला जामखेडला टायपिंगच्या क्लासला घालताना त्यांनी एकच अट घातली होती, परीक्षा अर्धवट सोडायची नाही. बाईंनी मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा दिल्या, लग्न होऊन राहुरीला आल्या आणि एका जुन्या टाइपरायटरवर दुकान सुरू केलं. पानात एक चूक निघाली तरी अख्खं पान पुन्हा मारणाऱ्या बाई. १९९५ साली त्यांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यांना सगळ्यात अप्रूप वाटलं ते एकाच गोष्टीचं. चूक दुरुस्त करता येते आणि कागद फाडावा लागत नाही!

माझा प्रबंध उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीवर होता. एकशे चाळीस पानं, त्यात एकतीस तक्ते. १९९७ च्या जूनमध्ये, प्रबंध सादर करायला सहा दिवस उरले असताना, सोमवारी सकाळी बाईंनी बटण दाबलं आणि कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. पडदा काळा. आतल्या पंख्याचाही आवाज नाही.

"फ्लॉपीवर किती उतरवलंय, बाई?" मी विचारलं.

"पहिली तीन प्रकरणं," बाई हळूच म्हणाल्या. "तक्ते नाहीत."

तक्त्यांचे आकडे माझ्या वहीत होते, पण सगळं पुन्हा टाइप करून तपासायला तीन आठवडे तरी लागले असते. शनिवारची मुदत चुकली की थेट पुढचं सत्र, आणि मिळालेली नोकरीही हातची जाणार.

बाईंनी शेजारच्या श्रीमंतभाऊंच्या एसटीडी बूथवरून पुण्याच्या विक्रेत्याला फोन लावला. कॉम्प्युटर गळ्यात मारण्यासाठी हाच माणूस दोनदा राहुरीला येऊन गेला होता. आता म्हणाला, "पार्सल करून पाठवा, आठ-दहा दिवसांत बघू."

मंगळवारी सकाळी नगरहून एक इंजिनिअर आला. गळ्यात टाय, हातात ब्रीफकेस. झाकण उघडून त्यानं आत एक नजर टाकली आणि निकाल दिला. "हार्ड डिस्क गेली. नवीन टाकतो, तासाभरात चालू."

"आणि आतलं काम?"

"ते गेलंच समजा."

"न तपासता कसं कळलं तुम्हाला?"

त्यानं घड्याळ बघितलं. "मॅडम, मला अजून तीन ठिकाणी जायचंय."

बाईंनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मी दुकानाच्या पायरीवर बसून रडत होते. "टाकू द्यायची होती ना नवीन! निदान पुन्हा टाइप करायला तरी सुरुवात झाली असती."

"जो दोन प्रश्नसुद्धा विचारत नाही, त्याच्या हातात तुझी दोन वर्षं देऊ?" बाई म्हणाल्या. पण घाबरल्या त्याही होत्या.

मग बाईंनी वेगळीच चौकशी सुरू केली. चांगला मेकॅनिक कोण, असं त्या कुणाला विचारेनात. आसपास कॉम्प्युटर कुणाकुणाकडे आहे, ते त्यांनी शोधलं. बेलापुरात रक्त तपासणाऱ्या एका डॉक्टरांकडे आहे असं कळल्यावर दुपारच्या गाडीनं त्या तिथं गेल्या आणि सरळ विचारलं, "तुमचा बंद पडला की काय होतं?"

"रंगनाथ येतो," डॉक्टर म्हणाले. "यायला जमणार नसेल, तर तसा फोन करतो."

बाईंना तेवढं पुरलं. तिथून त्या थेट रंगनाथभाऊंच्या घरी गेल्या.

बुधवारी दहा वाजता रंगनाथभाऊ आले. पन्नाशीचे, पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. साखर कारखान्यांचे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करता करता ते कॉम्प्युटर शिकले होते. मशीनला हात न लावता ते आधी स्टुलावर बसले.

"शनवारी बंद केला तवा काय झालं हुतं? ट्यूब लुकलुकती का? कशाचा वास आल्ता?"

बाईंना आठवलं. शनिवारी ट्यूब दोनदा भगभगली होती. जळका वासही आला होता, पण तो बाहेरच्या भज्यांच्या गाडीचा असेल असं त्यांना वाटलं होतं. रंगनाथभाऊ उठून मीटरच्या बोर्डापाशी गेले.

"ताई, तार ढिली झालीय हितं. त्यानं पॉवर सप्लाय जळालाय. आता डिस्क वाचली का न्हाई, ते मला ठाऊक न्हाई. उगं खोटं कशाला सांगू? पर तिच्यावरचं काई न पुसता बघता येईल."

वायरमन बोलावून त्यांनी तार घट्ट करून घेतली, पिशवीतला पॉवर सप्लाय बसवला आणि स्वतःची फ्लॉपी घालून मशीन सुरू केलं. पंखा घरघरला. छोटा लाल दिवा लुकलुकला. काळ्या पडद्यावर नावांची यादी सरकू लागली.

"बघा ताई, तुमचं हाय का ह्यात," ते मला म्हणाले.

हुमणीची सगळी प्रकरणं होती. तक्तेसुद्धा. मी एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले. बाई मात्र खुर्चीत बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि मोठ्यानं हसल्या. त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच.

शनिवारी अकरा वाजता मी प्रबंध देऊन मोकळी झाले.

सोमवारी पेढे घेऊन दुकानात गेले, तेवढ्यात श्रीमंतभाऊंची हाक आली. "ताई, बेलापूरचा फोन!" मीही बाईंबरोबर बूथमध्ये गेले. रंगनाथभाऊ इतक्या मोठ्यानं बोलत होते की मला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, मशीन बंद करा आदी. कुनाची फ्लॉपी घालू नका. माज्याच फ्लॉपीत व्हायरस निघालाय. आज दुसऱ्याकडं सापडला. तुमच्याकडं मीच आनलाय तो. तासाभरात येतो."

"घ्या!" श्रीमंतभाऊ म्हणाले. "वैद्यच रोग घेऊन आला. आता नगरच्यालाच बोलवा, ताई."

बाईंनी धावत जाऊन मशीन बंद केलं. परत आल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "श्रीमंतभाऊ, रंगनाथभाऊंनी सांगितलं नसतं तर आपल्याला कळलं असतं का?"

"न्हाई."

"मग?"

रंगनाथभाऊ पन्नास मिनिटांत आले. मान खाली घालूनच आत शिरले. आधी त्यांनी मशीन साफ केलं, मग दुकानातल्या सगळ्या फ्लॉप्या एकेक करून तपासल्या. चार फ्लॉप्यांत तो व्हायरस सापडला, पण कुणाचं एक पानही गेलं नव्हतं. काम संपायला तीन वाजले. तोवर त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

बाईंनी त्यांच्यापुढं पेढ्यांचा पुडा ठेवला. "रंगनाथभाऊ, आजपासून या मशीनला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही. फक्त दर वेळी काय केलंत ते एका वहीत लिहून ठेवायचं."

"चुका बी?"

"चुका आधी."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली आणि एक पेढा उचलला.

पुढं नोकरीमुळं माझं राहुरीला जाणं कमी झालं. १९९९ च्या नोव्हेंबरात एकदा दुकानात डोकावले, तर २००० साल लागताच तारखेचा घोळ होऊन सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी बोलवा तिथंही पोचली होती. एक विक्रेता येऊन मशीन बदलायलाच हवं असं सांगून गेला होता. बाईंनी त्याला ना हो म्हटलं ना नाही. रंगनाथभाऊंना निरोप धाडला होता आणि मी गेले तेव्हा ते आलेच होते.

"भिण्यापरीस आजच बघू," म्हणत त्यांनी भर दुपारी मशीनच्या घड्याळात एकतीस डिसेंबर घातला, रात्री बाराला एक मिनिट कमी. आम्ही तिघं पडद्याकडं बघत बसलो. मिनिट सरलं. मशीन बंद करून पुन्हा लावलं, तर तारीख आली १९८० सालची.

"म्हणजे बिघडलं?" बाईंनी विचारलं.

"तारीख तेवढी चुकती. टायपिंग करून बघा की."

बाईंनी एक जुनं प्रकरण उघडलं, दोन ओळी टाइप केल्या, छापूनही बघितल्या. सगळं जागच्या जागी होतं.

"प्रबंधावर तारीख कोन टाकतं, ताई?"

"मीच टाकते हातानं."

"मग कशाला बदलताय?"

बाईंनी सुटकेचा सुस्कारा सोडला आणि तिघांचा चहा सांगितला.