भास्करच्या हळदीची कॅसेट

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलेच होते. रविवारी आसनगावला माझ्याकडे येतो म्हणाला होता, आला नव्हता. आता कित्येक आठवडे झाले तरी तो राग जात नाही. झटक्याने गेला म्हणतात... पण या माणसाला कधी एका जागी दम होता का?

माझा हा धाकटा मावसभाऊ टोकावड्याजवळ शिक्षक होता. शाळा सुटली की टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून लग्नातली गाणी गोळा करत हिंडायचा. घरी बसला तरी माइकच्या तारा सोडायचा, पुन्हा जोडायचा. खरी तगमग होती ती आईच्या आवाजासाठी. मावशी धवलारीण, लग्नविधींची गाणी म्हणजे धवले तिच्यासारखे कुणाला येत नव्हते. पण एरवी गा म्हटलं की, "लगीन नसताना धवला म्हणू? देव काय म्हणल?" आणि लग्नात तोंडासमोर माइक धरला की ती गप्पच व्हायची. साध्या माइकला सेल लागत नाही, पण तो ओठांशी न्यावा लागतो. म्हणून भास्करने दुसरा आणला. तो लांबूनही बारीक आवाज टिपायचा, मात्र त्याच्या पोटात वेगळा पेन्सिल सेल घालावा लागे. "आता फक्त लगीन पायजे," तो म्हणाला, आणि इतकी वर्षं टाळलेल्या लग्नाला स्वतःच तयार झाला. यावरून आम्ही त्याला फार छळलं.

माइक त्याने महिनाभर आधी तपासला, आणि खरेदीच्या धांदलीत बटण बंद करायचं राहिलं, सेल उतरून गेला. हळदीला मावशीने धवला धरला तेव्हा टेप फिरत होती, पण रेकॉर्डरचा आवाज दाखवणारा काटा हलत नव्हता. पाटावरून भास्करला ते दिसलं. हळद लागलेल्या नवऱ्याने मधेच उठायचं नाही! नुसता चुळबुळत होता बिचारा, डोळ्यांनी मला खुणावत होता. टॉर्चचे जाडे सेल माइकमध्ये बसेनात. शेवटी मी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. लग्नघरातलं घड्याळ बंद पाडलं म्हणून बायका माझ्यावर खेकसल्या. तोवर अर्धा धवला गेला होता. पुढे मावशीचा आवाज कायमचाच बसला, आणि भास्कर त्या अर्ध्या धवल्यासाठी शेवटपर्यंत स्वतःवर चरफडत राहिला.

दिवस झाल्यावर मावशीने ती कॅसेट मागितली. मला वाटलं, स्वतःचं गाणं ऐकायचं असेल. मी टेप लावली. सुरुवातीलाच भास्कर... "ताई, काटा हलला का गो?" मग मावशी, "गप बस रे, हलद लागलीय तुला." आणि धवल्याचं पुढचं कडवं.

त्याच्या कपाटातल्या सगळ्या कॅसेटी मी नंतर लावून पाहिल्या. दुसऱ्यांचं टिपताना तो श्वासही दाबून धरायचा. त्याचा आवाज दुसऱ्या कुठेच नाही.

"गाणा नको गो," मावशी तेव्हा म्हणाली. "मागं ने."

आता मी टोकावड्याला गेले की ती टेप लावायला सांगते. धवला सुरू झाला की हात वर करते, आणि मी टेप पुन्हा मागे नेते.