बयाबाईंची भिंत आणि विम्याचा पावणा

कळंब्याच्या बाजूला बयाबाईंचा मिरची कांडायचा डंक कुठं आहे, हे विचारायची वेळ कुणावर येत नाही. मार्च लागला की नाकच वाट दाखवतं. लोकांच्या वर्षाच्या चटण्या कांडून द्यायला लागून त्यांना तेवीस वर्षं झाली. चटणीत त्यांचा शब्द शेवटचा, आणि त्या शब्दाबरोबर जिभेचा तिखटपणा फुकट.

यंदा मार्च तोंडावर आला आणि डंकाच्या खोलीलाच बुरशी लागली.

झालं असं, की बयाबाई आणि त्यांची सून क्रांती चार दिवस नृसिंहवाडीला मुक्कामाला गेल्या. मुलगा पुण्याला नोकरीला, म्हणून घराला कुलूप. तेवढ्यात गच्चीवरच्या टाकीचा पाइप फुटला. परत येऊन दार उघडलं तर खोलीत घोटाभर पाणी, आणि छतापासून भिंतीवरनं ओघळच ओघळ. दोघींनी पाणी उपसलं. क्रांती पतसंस्थेत कामाला, कागदातली हुशार. तिनं फुटक्या पाइपचे आणि पाण्याचे फोटो काढले. घराचं कर्ज देताना बँकेनं घराचा विमाही गळ्यात मारला होता, तिथं त्याच दिवशी कळवलं.

पाणी गेलं, ओल राहिली. आठवड्याभरात भिंतीवर काळे-हिरवे ठिपके उमटले, मसाल्याच्या लाकडी कपाटाला पांढरी लव फुटली.

बयाबाईंना भिंतीचं एवढं काही नव्हतं. भिंत पडली असती तर त्यांनी अंगणात पत्रा टाकून डंक चालवला असता. पण बयाबाईच्या डंकाला बुरशी आलीय हे एकदा बायकांच्या तोंडी गेलं, की मिरच्या घेऊन कोण येणार? सगळं प्लास्टर खरवडून नवं करायचं, तेही हंगामाच्या आत, तर विमा मिळायलाच हवा होता.

"विम्याचा माणूस उद्या अकराला येतोय," क्रांती म्हणाली. "मी बी कामावरनं अर्धी सुट्टी काढून येते. तोवर आत्या, कशाला हात लावू नका."

बयाबाईंनी मान हलवली. पण रात्रभर डोक्यात एकच: घरात परका माणूस येणार, आणि भिंतीचं तोंड हे असं? पहाटे उठून त्यांनी बुरशी घासून काढली, चुना कालवला, चिमूटभर नीळ टाकली आणि भिंत पांढरीधोप केली. दारात रांगोळी काढली. पोह्यांची तयारी करून ठेवली.

अकराला क्रांती पतसंस्थेतनं आली. भिंत बघितली आणि मटकन खाली बसली.

"आत्या, काय केलंसा हे?"

"का? बरं दिसतंय की."

"अहो, बुरशी बघायलाच तर बोलावलंय त्याला."

"पावण्याला कुणी बुरशी दाखवतंय व्हय? तुझ्या माहेरात दाखवत असतील."

क्रांतीनं कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाली, "आता एकच. स्वयंपाकघरातल्या भिंतीला बुरशी हायच. तीच दाखवू. टाकीच्या पाण्यानं झाली म्हणू."

तेवढ्यात दारात गाडी वाजली. विम्याचा सर्व्हेअर बसवेश निपाणीकडचा, पोरसवदा, पण चष्मा मोठ्या माणसाचा. पोहे खाल्ल्याशिवाय त्याला भिंत दाखवण्यात आली नाही. मग क्रांती त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. त्यानं भिंत बघितली, नखानं पोपडा काढून बघितला.

"मावशी, ही टाकी फुटल्यावर आली?"

क्रांती छताकडं बघायला लागली. बयाबाईंनी पदर खोचला.

"न्हाय. ही तीन पावसाळं अशीच हाय. मोरीचा पाइप गळतोय. गवंड्याला आज बोलावू, उद्या बोलावू करत बसलो."

क्रांतीला ठसका लागला. डंक बंद होता तरी.

"मग ह्याचं काही मिळत नाही, मावशी," बसवेश म्हणाला. "हळूहळू मुरलेली ओल, दुरुस्ती न केलेली, ही विम्यात बसत नाही. अचानक पाइप फुटला आणि त्या पाण्यानं बुरशी आली, तर बसते."

"एवढंच व्हय? मग सरळ चटणीगत हाय की. मिरची नीट वाळवली न्हाय आणि बुरशी आली, तर तो माझा आळस. पण मांजरानं बरणीवर पाणी लवंडलं, तर त्यात माझा काय गुन्हा?"

बसवेशनं चष्मा वर केला. "मांजरवाली बुरशी कुठाय?"

"ती मी पहाटे घासून काढली."

"काढली?"

"तुम्ही येणार म्हणून."

बयाबाईंनी त्याला डंकाच्या खोलीत नेऊन ती पांढरीधोप भिंत दाखवली. मग त्याला हसू आवरेना. "मावशी, कपाटामागं पण चुना मारलाय?"

"तिथं कोण बघतंय?"

तिघांनी मिळून कपाट ओढलं. मागं छतापासून फरशीपर्यंत काळ्या-हिरव्या बुरशीचा पट्टा, वरच्या फुटक्या पाइपच्या बरोबर खाली. आपला आळस बघून बयाबाईंना जन्मात पहिल्यांदा आनंद झाला. बसवेशनं भिंतीला ओल मोजायचा मीटर लावला, फोटो काढले, क्रांतीच्या फोटोंशी ताडून बघितलं.

"लोक जुनी ओल नवी म्हणून दाखवतात," जाताना तो म्हणाला. "तुम्ही नवी पुसून जुनी कबूल केलीत. हे पहिल्यांदाच बघतोय."

बारा दिवसांनी निरोप आला. डंकाच्या खोलीचं प्लास्टर, छत आणि कपाट मंजूर. स्वयंपाकघर नामंजूर. "गप बसला असतासा तर दोन्ही भिंती झाल्या असत्या," क्रांती म्हणाली. "गप बसले असते तर एकबी न्हाय," बयाबाई म्हणाल्या, आणि मोरीच्या पाइपसाठी गवंड्याला त्याच दिवशी बोलावलं, स्वतःच्या पैशानं.

प्लास्टर सुकलं, डंक सुरू झाला. पहिली बाई आली ती रिक्षातनं, मिरच्यांचं पोतं हातात धरूनच उंबऱ्यात थांबली.

"बुरशी आलती म्हणं तुमच्यात?"

"आलती," बयाबाई म्हणाल्या. "विमेवाल्यानं मीटर लावून बघितली, कपाटं ओढून बघितली, मग सगळं खरवडून नवं केलं. तुझ्या घरातलं कपाट कुणी ओढून बघितलंय का कधी?"

बाईनं पोतं खाली ठेवलं.