मिस्त्रीशी अहो-जाहो

माझी मुलगी मला लहानपणापासून 'तू' म्हणते. उद्या ती अचानक 'अहो बाबा, आपण कधी येणार?' म्हणाली, तर मला मान मिळाल्यासारखं वाटणार नाही. मी आधी विचारीन, काय बिनसलंय? मराठीत मला हे न शिकवता कळतं. स्पॅनिशमध्ये मात्र मी ते विसरलो आणि माझा मिस्त्री काम सोडून गेला. त्याचा राग अजून उतरलेला नाही. मुलीवर आहे, तिने लावून दिलेल्या मास्तरणीवर आहे आणि सगळ्यात जास्त स्वतःवर आहे. आयुष्यभर मला कुणी खोटा माल विकू शकलं नाही, आणि हा मी घरबसल्या घेतला.

इथे अमेरिकेत अ‍ॅशबर्नला माझा स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्यांचा धंदा आहे. त्याआधी मीही इथल्या बाकीच्या मराठी लोकांसारखा कॉम्प्युटरसमोर बसायचो. नोकरी गेली, दुसरी मिळेना, तेव्हा एका दगडाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. आमच्या मंडळातल्या काकूंनी तेव्हा बायकोकडे माझी फार हळहळत चौकशी केली होती, तीही मी विसरलेलो नाही.

कारखान्यात फरशीचं एक टोक माझ्या हातात असायचं आणि दुसरं एल साल्वादोरच्या एका कारागिराच्या. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं. दोन वर्षांत मला आलं. तो मला 'वोस' म्हणायचा, मी त्याला 'वोस' म्हणायचो. त्यांच्याकडे जवळच्या माणसाशी असंच बोलतात, आपल्या अरे-तुरेसारखं. मी त्याला मिस्त्री म्हणायला लागलो आणि पुढे सगळेच म्हणायला लागले. मी स्वतःचं दुकान काढलं तेव्हा पहिला तोच आला. मी मालक झालो, पण आमचं 'वोस' तसंच राहिलं.

त्याच बोलीवर मी धंदा उभा केला. दगडाच्या यार्डात गेलो की तिथला स्पॅनिश बोलणारा मॅनेजर आधी इंग्रजीत भाव सांगायचा. मी मिस्त्रीच्या बोलीत त्याला विचारायचो, अरे बाबा, या फरशीला मागून चीर आहे ती मला दिसत नाही असं वाटलं का? मग खरा भाव निघायचा. दुकानात मेक्सिकोचे, प्वेर्तो रिकोचे सगळे होते. जेवताना सरबताच्या नळीवरून वाद व्हायचा. मिस्त्री तिला 'पाहिया' म्हणायचा, मेक्सिकोचा 'पोपोते' म्हणायचा आणि प्वेर्तो रिकोचा 'सोर्बेतो'. एकमेकांची यथेच्छ टिंगल करून तिघेही त्याच नळीने सरबत प्यायचे. आपलंच खरं म्हणून दुसऱ्याला गप्प करायला कुणी जात नव्हतं. ते काम शिकलेल्या लोकांचं.

मुलगी शाळेत चार वर्षं स्पॅनिश शिकली, कॉलेजात असताना एक सेमिस्टर माद्रिदला राहून आली आणि गेल्या वर्षी माझं ऑफिस बघायला लागली. एकदा मी फोनवर सौदा करत होतो. फोन ठेवल्यावर ती इंग्रजीत म्हणाली, बाबा, तू लेबरसारखा बोलतोस, मोठे क्लायंट हसतील. तिच्या पुस्तकात मित्राला 'तू', स्पॅनिशमध्येही शब्द तोच, आणि मान द्यायचा तर 'उस्तेद', एवढंच होतं. 'वोस' नव्हतंच. म्हणजे एका अख्ख्या देशाची रोजची बोली पुस्तकात नाही म्हणून चूक.

हे मी तेव्हाच तिला सुनवायला हवं होतं. पण मी सांगलीकडचा. पुण्याच्या हॉस्टेलवर माझ्या बोलण्याला पोरं हसली होती, तेव्हा दोन महिन्यांत मी जीभ बदलून टाकली होती. तीच जुनी जागा दुखली. मी मुलीकडून माद्रिदच्या एका बाईंचा ऑनलाइन क्लास लावून घेतला. त्या म्हणाल्या, ज्यांच्याबद्दल आदर आहे त्यांना 'उस्तेद' म्हणा. मी विचार केला, दुकानात मला सगळ्यात जास्त आदर कुणाबद्दल आहे? मिस्त्रीबद्दल. सोमवारी सकाळी त्याच्यापासूनच सुरुवात केली.

त्याने दगड कापायची पाण्याची करवत बंद केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चालू केली. दुपारपासून तोही मला 'उस्तेद' म्हणायला लागला. मला वाटलं, बघा, मान दिला की मान मिळतो. दुसऱ्या दिवसापासून तो डबा घेऊन व्हॅनमध्ये एकटा बसायला लागला. पाचव्या आठवड्याच्या सोमवारी त्याने व्हॅनच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि शनिवारी शेवटचा दिवस म्हणून सांगितलं.

मला वाटलं, भाव वाढवतोय. मी असतो तर तेच केलं असतं. मी पगार वाढवला. मग दुकानात भागी देऊ केली. हे सगळं अगदी शुद्ध 'उस्तेद' लावून. मी जितका वर चढत गेलो तितका तो आखडत गेला. इतका वाईट सौदा मी जन्मात केला नव्हता.

शुक्रवारी एक इंटिरियर डिझायनर दुकानात आला. मूळचा अर्जेंटिनाचा, मऊ कोट, मऊ आवाज. मुलगी त्याला नमुने दाखवत होती. तो गेल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाली, "किती एलिगंट स्पॅनिश आहे ना, बाबा?"

मी उभ्या लावलेल्या फरशीमागून सगळं ऐकलं होतं. दर वाक्याला 'वोस'. तेच 'मिरा', तेच 'बेनी', म्हणजे 'बघ' आणि 'ये', जे मिस्त्री दिवसभर बोलतो. उच्चार वेगळा, ताल वेगळा, पण 'वोस' तेच.

"त्याच्या तोंडात एलिगंट आणि माझ्या तोंडात लेबर?" मी विचारलं.

"बाबा, अर्जेंटिना डिफरंट आहे."

"काय डिफरंट आहे? कोट?"

ती नमुने आवरायला लागली. मी तसाच तणतणत दुकानामागच्या आमच्या कारखान्यात गेलो. तिथे मिस्त्री एकटाच एका मोठ्या फरशीला खांदा लावत होता. माझं डोकं आधीच फिरलेलं. मी त्याच्यावर ओरडलो, अरे मूर्खा, पाठ मोडून घ्यायचीय का, थांब, मी दुसरं टोक धरतो. सगळं 'वोस'मध्ये. तोंडातून आपोआप आलं.

आम्ही फरशी टेकवली. तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

"पाच आठवड्यांनी बोललास माझ्याशी," तो म्हणाला.

मी म्हटलं, मी तर रोज बोलत होतो, तेही मान देऊन.

"भावाला कुणी एका सकाळी 'उस्तेद' म्हणायला लागत नाही. म्हणाला, तर त्याला दार दाखवायचं असतं. मला वाटलं, शिकलेली मुलगी आली, आता तुला मी नको."

मी क्लासची गोष्ट सांगितली. तो खोकला येईपर्यंत हसला. मी म्हटलं, मग झालं तर, राहा. त्याचं हसू थांबलं. जवळच्याच मनॅससच्या एका दुकानाला त्याने सोमवारपासून येतो म्हणून शब्द दिला होता. मी म्हटलं, त्या मालकाशी मी बोलतो, माझ्यावर सोड.

"तू काय बोलणार? शब्द दिला की सौदा संपला, हे यार्डात उभा राहून कोण सांगतो?"

मीच सांगतो. वीस जणांसमोर सांगितलंय.

तो शनिवारी गेला. आता जो मिस्त्री आहे तो मेक्सिकोचा, पुएब्लाचा. तो जवळच्याला 'तू' म्हणतो. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, शेठ, तुम्ही एल साल्वादोरला किती वर्षं होता? मिस्त्रीबरोबरची सगळी वर्षं मोजून मी म्हटलं, बारा.

त्याच आठवड्यात क्लासचे उरलेले तास कॅन्सल केले. माद्रिदच्या बाईंनी फोन करून फार अदबीने कारण विचारलं. मी त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत 'वोस' लावून सांगितलं. मुलगी समोरच्या टेबलावर बसून ऐकत होती. फोन ठेवून मी तिच्याकडे बघत थांबलो, आता चूक काढ म्हणून. भांडायला मी तयारच होतो. तिने मान खाली घातली आणि फोनवर मनॅससच्या त्या दुकानाचा नंबर शोधायला लागली.

"ठेव तो फोन," मी म्हणालो. "त्याने शब्द दिलाय."